पारितोषिक कोणाच्या आवडीचें?

जर्मनींत शिक्षणासाठीं राहिलेला आमचा भाचा गेल्या नाताळांत घरीं आला, तेव्हां त्याच्या पेटींत पटावर खेळावयाच्या दोन खेळांचीं खोकीं होतीं. त्या देशांत १९७९ सालापासून समीक्षकांचें एक मंडळ 'श्पील देस यारेस', म्हणजे 'वर्षाचा खेळ', हें पारितोषिक देत आलें आहे. २००२ सालीं अंतिम तीन खेळांत हे दोन्ही होते. मान मिळाला 'व्हिला पालेटी'स, आणि 'प्वेर्तो रिको' मागें पडला.

"मामा, हा न्याय नव्हे," भाचा म्हणाला. "जाणत्या खेळाडूंस विचारून पाहा."

पाठांतराच्या स्पर्धेंत परीक्षकाच्या खुर्चीवर आम्ही पुष्कळ वर्षें बसलों आहों. तेव्हां आम्हीं तत्काळ परीक्षकांचा पक्ष घेतला, व तोहि जरा तोऱ्यानें.

पहिल्या सायंकाळीं 'प्वेर्तो रिको' मांडला. बेटावर मका, नीळ, ऊंस, तंबाखू, कॉफी लावावयाची आणि माल जहाजांत भरावयाचा. फांसे नाहींत. एकानें एखादें काम निवडलें कीं तें सर्वांनींच करावयाचें. निवडणाराला मात्र थोडा अधिक लाभ. त्यामुळें आपल्या निवडीनें शेजाऱ्याचें किती भलें होईल, याचाच घोर लागतो! नियम सांगतां सांगतां चहा निवाला. आमच्या पत्नीस स्वयंपाकाची आठवण झाली, मुलगी पेंगूं लागली, आणि डाव अर्ध्यावर मोडला. भाच्यानें एक शब्दहि न बोलतां सोंगट्या वेंचल्या.

दुसऱ्या दिवशीं 'व्हिला पालेटी'. खालच्या मजल्याचा आपल्या रंगाचा खांब काढून वर ठेवावयाचा, इमारत मात्र पडूं द्यावयाची नाहीं. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिनें कांपत्या हातानें खांब काढला तेव्हां सर्वांनीं श्वास रोखून धरले. मनोरा कोसळला आणि ती पोट धरधरून हंसली.

आमचा पक्ष सिद्ध झाला असें आम्हांस वाटलें. घरोघर मंडळी एकत्र बसावी, हेंच त्या मंडळाच्या मनांत असावें. व्यासंगी खेळाडूंची आवड मोजणें हें त्याचें काम नव्हेच. त्यांच्या मतांना वाव देणारें 'डॉइचर श्पीले प्राइस' हें निराळें पारितोषिक १९९० पासून आहे, आणि २००२ सालीं त्यांत 'प्वेर्तो रिको'च पहिला आला होता. पुढें २०११ मध्यें मूळ मंडळानेंहि 'जाणत्यांचा खेळ' असें वेगळें पारितोषिक काढलें. तें प्रथम 'सेव्हन वंडर्स'ला मिळालें. तो डाव अर्ध्या तासांत आटोपतो, म्हणून भाच्याची त्यावरहि कुरकुर आहेच!

हें सर्व आम्हीं त्यास ऐकविलें. तो म्हणाला, "तें खरें, मामा. पण दुकानदार पुढें मांडतो तें तांबड्या सोंगटीची खूण असलेलें खोकें. मग माझ्या खेळाला गडी कोठून आणूं? तिकडे पहिलें वर्ष तर मीं तो एकट्यानेंच, तिघांचे हात खेळून काढला."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. अर्धवट राहिलेल्या त्या डावांत नीळ कीं कॉफी, हा प्रश्न आम्हांसहि रात्रभर सतावीत होता, हें कबूल करावयास हवें. सकाळीं आम्हीं गणिताच्या मास्तरांकडे निरोप धाडला, कीं सायंकाळीं यावें. चांगले दोन तास लागतील, जेवूनच यावें.