सुप्याचा माळ आणि आमचीं मुलें

आमच्या लोकांत झाड लावणें हें पुण्यकर्म मानिलें आहे, व तें योग्यच आहे. १९५० सालीं कन्हय्यालाल मुनशी यांनीं वनमहोत्सवास देशव्यापी रूप दिलें. तेव्हांपासून खड्डा खणून त्यांत रोपटें उभें करणारें मूल हेंच सृष्टिरक्षणाचें चित्र आमच्या मनांत ठसून गेलें आहे. परंतु हें रक्षण नेहमीं खड्ड्यापासूनच सुरू होतें असें नाहीं. कोठें कोठें तें हात आवरण्यापासून सुरू होतें. ही गोष्ट पुस्तकांतून शिकविणें कठीण. सुप्याच्या माळावर मात्र आमच्या विद्यार्थ्यांना ती काम करतां करतां उमगली.

सुपें हें नांव इतिहासाच्या वाचकांस परकें नाहीं. पुणें व सुपें हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरींत होते, हें लहान मूलहि सांगेल. आज हें गांव बारामती तालुक्यांत मोडतें. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा मुलूख. पाऊस थोडा, माती उथळ, आणि खालीं मुरूम. या गांवानजीकचा सुमारें पांच चौरस किलोमीटरांचा माळ १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यांत आला. जवळच्या मोरगांवच्या गणपतीचें नांव त्यास दिलेलें आहे. राज्यांतील अगदीं लहान अभयारण्यांपैकीं हें एक होय.

येथील मुख्य रहिवासी चिंकारा. हा नाजूक बांध्याचा प्राणी खांद्यापाशीं दोन फुटांहून थोडाच उंच असतो. नर व मादी या दोघांसहि शिंगें असतात, मादीचीं लहान. पाला, गवत व फळें यांतील ओलाव्यावर आणि दंवावर तो पुष्कळ दिवस पाण्यावांचून काढूं शकतो. डोळे आणि पाय हीं त्याचीं शस्त्रें. शत्रु दुरून दिसावा आणि पळावयास मोकळें रान असावें, एवढेंच त्याचें मागणें.

आठवीच्या वर्गास घेऊन आम्ही प्रथम तेथें गेलों, तेव्हां एक मुलगी सभोंवार पाहून म्हणाली, "गुरुजी, येथें तर कांहींच नाहीं! आपण झाडें लावूं या." बाकीच्यांनींहि तिचीच री ओढली. कोणीं वडाचें नांव घेतलें, कोणीं कडुलिंबाचें. प्रत्येक रोपट्यापाशीं लावणाराच्या नांवाची पाटी असावी, येथपर्यंत मजल गेली. मीं उत्तर दिलें नाहीं. चार चार मुलांस एक एक दोरी दिली, तिचा हातभर लांबीरुंदीचा चौकोन जमिनीवर मांडावयास सांगितला, आणि त्या चौकोनांत काय काय आहे तें मोजून लिहावयास लाविलें.

अर्ध्या तासानें वह्या भरूं लागल्या. मुंग्यांचीं वारुळें, नाकतोडे, कोळ्याचें जाळें, आणि निरनिराळ्या घाटाचीं गवतें. गवतांचीं नांवें मात्र कोणास येईनात. तेव्हां मागच्या बांकावर बसणारा, गणितांत सदा मागें राहणारा एक धनगराचा मुलगा पुढें आला. हें मारवेल, ही कुसळी, तें पवन्या. हें कोंवळेपणीं मेंढरांस गोड, तें फुलावर आलें कीं तोंडांत रुततें, अशी त्यानें सारी परीक्षा सांगितली. वर्गांतील पहिल्या नंबराचीं मुलें त्याच्या तोंडाकडे पाहत वहींत उतरून घेत होतीं. त्या दिवसापासून वर्गांतील त्याची जागा बदलली, आणि ती कोणा शिक्षकानें बदललेली नव्हे.

कुसळीचें बी आम्ही शाळेंत आणलें. त्याच्या टोकास असलेलें लांब कुसळ सुकलें म्हणजे पीळ घेतें आणि ओलें झालें म्हणजे उलगडतें. पाण्याचा एक थेंब टाकतांच तें बी मेजावर गरगर फिरूं लागलें. रानांत याच फिरण्यानें तें आपणांस जमिनींत रोवून घेतें. ज्या माळास मुलें रिकामा म्हणत होतीं, तेथें पेरणी चालू होती, व ती मनुष्याच्या मदतीवांचून चालू होती.

माळास रिकामा मानण्याची संवय केवळ मुलांची नव्हे. सरकारी दप्तरांत गवताळ रानें दीर्घकाळ पडीक जमिनींतच मोडत आलीं आहेत. अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांत मूळचा अफाट गवताळ. तेथेंच १८७२ सालीं वृक्षारोपणदिनाचा पहिला उत्सव झाला. पुढें त्या देशांत नांगराखालीं इतकीं कुरणें गेलीं कीं, १९३५ च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या भूमींत जुनें कुरण नव्यानें उभें करण्याचा उद्योग तरुणांच्या हातांनीं आरंभावा लागला. गेलेलें परत आणण्यापेक्षां असलेलें राखणें सोपें, हा त्यांतील बोध.

मग आमच्या मुलांनीं केलें काय? वनखात्याच्या परवानगीनें त्यांनीं तीन कामें पत्करलीं. रस्त्याच्या कडेनें वाऱ्याबरोबर आंत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वेंचणें. उन्हाळ्यापूर्वीं पाणवठ्यांतील गाळ काढणें. आणि गाजरगवत उपटणें. हें गाजरगवत मूळचें अमेरिकेंतील; आपल्या देशांत तें पुण्यास १९५५च्या सुमारास नजरेस आलें व पुढें सर्वत्र पसरलें. एका झाडास हजारों बिया येतात, म्हणून तें फुलावर येण्यापूर्वींच मुळासकट काढावें लागतें. अंगास लागल्यास त्यानें खाज सुटते, दम्याचा विकार बळावतो. यास्तव हातमोजे घातल्याखेरीज कोणास हात लावूं दिला नाहीं. धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडीं घालतो. त्याच्या विणीच्या दिवसांत माळावर पाऊल टाकावयाचें नाहीं, हाहि नियम मुलांनीं आनंदानें पाळला.

या कामांत पाटी लावण्याजोगें कांहीं नव्हतें. पहिल्या वर्षीं उपटलेलें दुसऱ्या वर्षीं पुन्हां उगवलें. मुलें हिरमुसलीं, परंतु पुन्हां वांकलीं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्या पट्ट्यांत मारवेलाचे झुबके दिसूं लागले. कडेला गाजरगवत अजून आहे, आणि नवी आठवी दरसाल त्याच्याशीं झगडते.

एके दिवशीं त्या धनगराच्या मुलानें मला विचारलें, "गुरुजी, हिथं आमची मेंढरं शिरली तर हाकलत्यात. मग ह्ये गवत राखायचं कुनासाठी?" प्रश्न रास्त होता. त्याच्या घरचीं माणसें वर्षांतले कित्येक महिने कळप घेऊन चाऱ्यासाठीं भटकतात, हें मला ठाऊक होतें. त्यास कोरड्या उपदेशानें गप्प करणें अन्यायाचें झालें असतें. मीं म्हणालों, "बाळ, चिंकाऱ्याचें आणि तुमच्या मेंढरांचें वैर नाहीं. दोघांचाहि आधार माळच. कुंपणाबाहेरचे माळ नांगराखालीं, घरांखालीं आणि कारखान्यांखालीं जात आहेत, म्हणून दोघांचीहि अडचण होते. माळ ही कामाची जमीन आहे, एवढें जरी लोकांस पटलें, तरी बाहेरचें चराऊ रानहि वांचण्याचा संभव आहे." त्याचें पुरतें समाधान झालें असें वाटलें नाहीं. परंतु त्यानंतर अभयारण्याबाहेरील आपल्या वस्तीनजीकच्या गायरानांतील गाजरगवत त्यानें आपल्या दोघां भावांस घेऊन उपटलें, आणि तें करावयास त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

विद्यार्थिमित्रांनो, जेथें झाडें होतीं व तोडलीं गेलीं, तेथें तीं अवश्य लावा. डोंगराचे उतार, शाळेचें आवार, रस्त्याच्या कडा तुमची वाट पाहत आहेत. परंतु खड्डा खणण्यापूर्वीं दोरीचा तो चौकोन मांडून तेथें कोण राहतें तें अगोदर पाहा, आणि तेथील गवताचीं नांवें जाणणारा कोणी तुमच्या मागच्या बांकावर बसला आहे काय, याचाहि शोध घ्या.