मोठं काय काढायचं

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली माणसं मी पेन्सिलीनं काढतो आहे. व्यंगचित्राच्या वळणानं: पाय काड्यांसारखे, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. रंग नाही, खाली ओळही नाही. शि. द. फडणीसांची शब्दांविना बोलणारी ‘हसरी गॅलरी’ पाहिल्यापासून हा नाद आहे.

अशा चित्रात काहीतरी मोठं करावंच लागतं. पण काय? गावातल्या माणसाचं पागोटं, पुढे आलेले दात, फाटकं धोतर मोठं करून शहराला हसवण्याची सवय जुनी आहे. ती मला नको वाटते.

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची यात्रा भरते. तिथल्या बैलबाजारात मी बैलाचं वशिंड पानभर काढलं. त्याच्या आडून मालक डोकावतो. बैल त्याचाच, म्हणून वशिंडाला टेकलेला त्याचा तळवाही मोठा. शेजारी घोंगड्यांचे ढीग, ते आडव्या रेघांत भागले.

शहापुरात मात्र हात अडतो. तानसा, मोडकसागर, भातसा, तिन्ही धरणं याच तालुक्यात. तानसाचं धरण १८९२ सालचं. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा आज एकट्या भातसाचा. आणि इथल्याच कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया टँकरची वाट बघतात. हे प्रमाण मुळातच इतकं बिघडलेलं आहे, की व्यंगचित्रकारानं आणखी काय बिघडवावं?

मी हंडा मोठा केला. इतका, की मागचा माहुलीचा डोंगर झाकला गेला. चुंबळ मात्र होती तशीच काढली: जुन्या लुगड्याचा पीळ, एका बाजूनं दबलेला, एक दशी सुटून कानावर आलेली. मानेला सहा-बी पेन्सिलीची काळीभोर रेघ दिली, दोनदा गिरवून. एवढा भार पेलणारी मान बारीक दाखवणं मला खोटेपणाचं वाटतं. चेहऱ्याला हात लावला नाही.

विहिरीच्या कठड्याशी एका बाईनं वही हातात घेतली. बराच वेळ बघून म्हणाली, “हंडा बारीक काढलास, भाऊ.”

पुढच्या चित्रात हंडा जोडपानभर पसरला. तानसाच्या भिंतीला मी तिच्या कडेवरच्या कळशीएवढीच जागा दिली.