पाचवी चौकट

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे दोघीतिघींनी "ब्लॉगला टाळं लावलंस का गं?" असं विचारलं. टाळं नव्हतं लावलं, किल्लीच सापडत नव्हती म्हणा हवं तर :) पण गेल्या आठवड्यात असं काही झालं की लिहिल्याशिवाय चैन पडेना.

तर झालं असं. आमच्या भाचीबाई यंदा बारावी झाल्या. मार्क उत्तम. इतके की मावशीनंसुद्धा शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटावेत. पुण्यातल्या चांगल्या कॉलेजात सहज प्रवेश मिळेल, पण बाईसाहेबांना जायचं नाही. का, तर शाळेपासूनच्या तीन मैत्रिणी गावातल्याच कॉलेजात जाणार आहेत. ताईचा रात्री साडेदहाला फोन. "तूच समजाव तिला. माझं तोंड दुखलं बोलून. तुझं ऐकते ती." अर्ज भरायची मुदत आठ दिवसांवर आली होती.

मी लगेच भाचीला फोन लावला. वडीलधाऱ्या माणसाचा आवाज काढून दोन वाक्यं बोलते न बोलते तोच ती म्हणाली, "मावशी, मी तुला पुस्तकं पाठवतेय. आधी ती वाच, मग आपण बोलू. नाहीतर तू फक्त आईचंच बोलशील."

तिसऱ्या दिवशी कुरियरनं सहा पुस्तकं आली. जपानी कॉमिक्स, म्हणजे मांगा, पण इंग्रजी भाषांतरातली. नाव 'के-ऑन!'. पहिली चार पुस्तकं शाळेची, पाचवं कॉलेजचं आणि सहावं मागे राहिलेल्या मुलींचं. पाचव्यावर चिठ्ठी चिकटवलेली: "हे नीट वाच."

माझी सुरुवातच फजितीनं झाली. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात एवढं मला माहीत होतं. पण 'के-ऑन' आहे योनकोमा, म्हणजे चार चौकटींचा विनोद. चार चौकटी एकाखाली एक, आणि पानावर असे दोन उभे रकाने. आधी उजवा रकाना वरून खाली, मग डावा. मी पहिली दहा पानं चौकटी आडव्या वाचत गेले. म्हणजे एका विनोदाची सुरुवात, मग दुसऱ्याची सुरुवात, मग पहिल्याचा मधला भाग... मला वाटलं जपानी विनोद फारच खोल असतो बुवा! अकराव्या पानावर ट्यूब पेटली. मग पहिल्यापासून.

या चार चौकटींचीही एक रीत आहे. पहिलीत सुरुवात, दुसरीत ती पुढे न्यायची, तिसरीत वळण आणि चौथीत शेवट. मुळात ही रीत जुन्या चिनी कवितेतून आलेली. एकदा ती लक्षात आली की तिसऱ्या चौकटीशी आपण आपोआप थबकायला लागतो.

लेखकाचं टोपणनाव काकिफुराई. याचा जपानीत अर्थ तळलेली कालवं! आमच्या कोकणातल्या आजोळी हे नाव घेतलं असतं तर माणसं आधी ताट घेऊन बसली असती. तर या तळलेल्या कालवांनी २००७ पासून 'मांगा टाइम किरारा' नावाच्या मासिकात ही गोष्ट चालवली. शाळेतला संगीताचा एक क्लब, त्यात मेंबरच नाहीत म्हणून बंद पडायला आलेला. रित्सू ड्रमवाली, धांदरट. मिओ बासगिटारवाली, डावखुरी, हुशार आणि भयंकर लाजाळू. त्सुमुगी, म्हणजे मुगी, कीबोर्डवाली, श्रीमंताघरची, रोज नवा केक आणणारी. आणि युई, जिला काहीच वाजवता येत नाही. 'केइओन' म्हणजे 'हलकं संगीत' एवढंच तिला कळलेलं, त्यावरून तिला वाटलं सोप्पं काहीतरी वाजवत असतील. अशी ती गिटारवाली होते. पुढच्या वर्षी एक वर्ष लहान असलेली अझुसा येते, जिला खरंच गिटार येते आणि जिला कळतच नाही की या चौघी सरावापेक्षा चहाच जास्त का पितात.

बँडचं नाव 'होकागो टी टाइम', म्हणजे शाळा सुटल्यानंतरचा चहा. यावरून काय ते समजून घ्या!

शपथेवर सांगते, पहिल्या दोन पुस्तकांत काहीही घडत नाही. युईला गिटार हवी असते, तिची किंमत अडीच लाख येन. दुकान निघतं मुगीच्या वडिलांच्या कंपनीचं, ती गालात हसून काहीतरी बोलते आणि गिटार पन्नास हजारांत मिळते. माझ्यातली खडूस मावशी तिथेच जागी झाली. म्हटलं, अशी मुगी प्रत्येकीच्या वर्गात नसते गं बाई. पण वाचत गेले. रात्री एक वाजता नवरा म्हणाला, "एवढं हसण्यासारखं काय आहे?" त्याला एक पान दाखवलं. तो अजिबात हसला नाही. ही गंमत एकेका विनोदात नाहीच. त्या मुलींची सवय होत जाते, त्यात आहे.

या गोष्टीवर क्योतो अॅनिमेशननं २००९ आणि २०१० साली मालिका केली, नाओको यामादा या तरुण दिग्दर्शिकेनं. डिसेंबर २०११ मध्ये चित्रपटही आला. मालिकेतली शाळा शिगा प्रांतातल्या तोयोसातो गावातल्या खऱ्या जुन्या शाळेवरून काढलेली आहे, १९३७ साली बांधलेल्या. जिन्याच्या कठड्यावर ससा आणि कासवाच्या पितळी मूर्ती आहेत. लोक ती शाळा बघायला लांबून येतात म्हणे. याच स्टुडिओला जुलै २०१९ मध्ये कुणीतरी आग लावली आणि छत्तीस माणसं गेली. तेव्हा ती बातमी मी वाचली होती आणि पान उलटलं होतं. आता या मुलींना चहा पिताना पाहिल्यावर ती मला पुन्हा आठवली आणि बराच वेळ गेलीच नाही.

असो. मुद्द्यावर येते.

मूळ गोष्ट २०१० मध्ये संपली, जशी संपायला हवी तशी. चौघी पास होऊन शाळेबाहेर, अझुसा मागे. चौथी चौकट पूर्ण. पण २०११ मध्ये लेखकानं गोष्ट पुन्हा उघडली, आणि कशी, तर दोन मासिकांत दोन वेगळ्या गोष्टी म्हणून. एकात चौघींचं कॉलेज, दुसऱ्यात मागे राहिलेली अझुसा, युईची धाकटी बहीण उई आणि त्यांची मैत्रीण जुन. दोन्ही २०१२ मध्ये संपल्या, प्रत्येकीचं एकच पुस्तक झालं. अॅनिमेशनची गाडी मात्र कॉलेजपर्यंत कधी पोचलीच नाही. चित्रपटही शाळा संपतानाच्या लंडन सहलीवर थांबतो. म्हणजे कॉलेजची गोष्ट ही पाचवी चौकट. कुणी मागितलेली नाही, नसती तरी चाललं असतं.

आणि खरं सांगू? कॉलेजचं पुस्तक पहिल्या चारांएवढं गोड नाहीये. थोडं घाईचं वाटतं. नवी पात्रं भराभर येतात आणि ओळख होतेय तोवर पुस्तक संपतं. पण भाचीनं चिठ्ठी तिथेच का लावली ते मला कळत होतं. चौघी एकाच महिला विद्यापीठात, एकाच वसतिगृहात. घरी सगळं हातात देणारी उई इथे नाही, त्यामुळे युईची धमाल उडते. मी नेमका जो मुद्दा काढणार होते, त्याचं उत्तर भाचीनं आधीच पाठवलं होतं. मी म्हणणार होते, "त्याच त्या मैत्रिणींत राहिलीस तर नवी माणसं कशी भेटणार?" आणि पुस्तकात नेमकी नवीच माणसं भेटतात! अकिरा, अयामे आणि साची, तिघींचा आपला वेगळा बँड. युईला गिटारवाली अकिरा भेटते, तापट पण मनानं चांगली. ड्रमवाल्या रित्सूला ड्रमवाली अयामे. आणि ती लाजाळू मिओ, जिच्याबद्दल कुणालाही वाटेल की ही या तिघींच्या पदराआडून बाहेर यायची नाही, तिला उंच, बुजरी बासवाली साची. जुन्या मैत्रिणी पाठीशी होत्या म्हणूनच तिला नव्या माणसाशी बोलायचा धीर झाला असावा, असं मला वाटून गेलं.

म्हणजे मी हरले. ताईला काय सांगावं याचा विचार करत पुन्हा चौथं पुस्तक चाळत बसले, आणि तिथे एक गोष्ट दिसली जी पहिल्या वाचनात निसटली होती.

मिओला दुसऱ्या विद्यापीठासाठी शाळेची शिफारस मिळत होती. ती तिनं नाकारली, मैत्रिणींबरोबर राहायचं म्हणून. भाचीनं एवढंच वाचलं होतं. पण पुढे काय होतं? त्या ज्या महिला विद्यापीठात गेल्या ते मुगीनं आपल्यासाठी निवडलेलं. युई आणि रित्सूच्या आवाक्यातलं ते मुळीच नव्हतं. त्यांना कंबर कसून अभ्यास करावा लागला. चहा-केक खाऊन तीन वर्षं काढलेल्या मुली! म्हणजे मिओ एक पायरी उतरली असेल, पण या दोघी चार पायऱ्या चढल्या. सगळ्याजणी मधे कुठेतरी भेटल्या.

मी लगेच फोन लावला. म्हटलं, "वाचली पुस्तकं. तुझं बरोबर आहे, नवी माणसं भेटतात. मी ते नाही म्हणत. फक्त एक सांग. मिओसाठी युई आणि रित्सूनं अभ्यास केला. तुझ्या तिघींना तू विचारलंस का, की तुम्ही पुण्याला येता का?"

पलीकडे शांतता. मग बारीक आवाजात, "नाही."

"का नाही?"

"त्या नाही म्हणाल्या तर?"

आता इथे वडीलधारी मावशी म्हणून काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. पण माझाच आवाज बसला. कारण हे वाक्य माझं होतं, फक्त मी ते कधी कुणासमोर बोलले नव्हते.

माझ्या वयाच्या ब्लॉगवाल्या मैत्रिणींना माझ्या पुण्याच्या कॉलेजचे किस्से पाठ आहेत. त्याआधीचा किस्सा मी कधी लिहिलेला नाही. आमचीही चौकडी होती. स्नेहसंमेलनात एक हार्मोनियम, एक तबला आणि दोन गळे, एवढाच आमचा बँड. बारावीनंतर मी पुण्याचा फॉर्म भरला आणि त्यांना सांगितलं नाही. जायच्या आदल्या दिवशी सांगितलं, तेही आईनं मला पेटी बांधायला बसवलं आणि हार्मोनियमवाली अचानक घरी आली म्हणून. ती म्हणाली, "आधी बोलली असतीस तर मीपण भरला असता. माझे मार्क बसत होते."

तिचे मार्क खरंच बसत होते. माझ्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं. मी सरळ धरून चालले होते की जाणारी मी आणि राहणाऱ्या त्या. पुण्याला गेल्याचा मला पश्चात्ताप नाही. ताई, हे तू वाचत असशीलच, तू आणि आईनं तेव्हा मला पाठवलंत ते चांगलंच केलंत. पण न विचारता गेले, ते मात्र अजून टोचतं. आता आमचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. वाढदिवसाला केकची चित्रं जातात. बाकी सगळं शांत.

म्हणून मी भाचीला हेच सगळं सांगितलं, जसंच्या तसं. शेवटी म्हटलं, "नाही म्हणाल्या तर नाही म्हणाल्या. मग तू ठरव, जायचं की राहायचं. मी आईशी बोलेन, दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी. पण विचार आधी."

"मावशी," ती म्हणाली, "तू सहावं पुस्तक वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. त्या रात्री वाचलं. अझुसाचं. तिला कुणी बरोबर नेऊ शकत नव्हतं, ती एक वर्ष लहान. ती रिकाम्या क्लबात उई आणि जुनला घेऊन बसते, सुमिरे आणि नाओ अशा दोन नव्या मुली गोळा करते आणि 'वाकाबा गर्ल्स' नावाचा बँड उभा करते. मागे राहिलेलीचंही स्वतःचं एक आख्खं पुस्तक होतं. तिकडेही कुणीतरी चहा करत होतं.

भाचीनं दुसऱ्या दिवशी तिघींना विचारलं. एकीनं लगेच फॉर्म भरला. एकीच्या घरून परवानगी नाही. तिसरी म्हणाली, विचार करते. भाचीचं अजून ठरलेलं नाही आणि मुदत परवा संपतेय. ताई रोज फोन करते, मी रोज तेच सांगते की ठरवू दे तिला.

आणि मी काल, इतक्या वर्षांनी, हार्मोनियमवालीला ग्रुपवर नाही, तर वेगळा मेसेज केला. चांगला लांबलचक. दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून आलेलं नाही.

चहा टाकते तोवर.