महाडचा विंचू

मराठी भाषेत विंचवाला जितका मान आहे, तितका दुसऱ्या एखाद्या क्षुद्र जीवाला क्वचितच असेल. नाथांनी त्याच्यावर भारूड रचले, आणि काम-क्रोधाचे रूप घेऊन हा प्राणी चार शतके कीर्तनांतून नांगी उगारीत राहिला. त्याचे बिऱ्हाड पाठीवर असते, म्हणून बदलीच्या नोकरीतील आम्हां सरकारी शिक्षकांशीही लोकांनी त्याचे नाते जोडले. निमाडातल्या अनेक शाळांचे पाणी प्यायल्यावर ती उपमा आम्हांस आता टोचत नाही. नाथांच्या भारुडात विष उतरते ते सत्त्वगुणाच्या उताऱ्याने. प्रत्यक्षातील विंचू माणसाचा प्राण घेतो तो नेमका कोणत्या वाटेने, हा प्रश्न वाङ्मयाच्या वर्गात उद्भवण्याचे कारणच नव्हते. त्याचे उत्तर आम्हांस पुष्कळ वर्षांनी मिळाले, आणि तेही एका मराठी माणसानेच शोधलेले. विंचू मारतो तो हृदय खचवून.

हा शोध लागला कोकणात. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. घरची गरिबी, शिक्षण कष्टाचे. त्यांच्या 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात तो सगळा काळ वाचावयास मिळतो. बुऱ्हाणपुरातील मराठी घरांतून हे पुस्तक हातोहात फिरावे, अशी आमची इच्छा आहे. नागपुरास वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्याचे रायगड हे नामकरण १९८१ मधले. त्या मुलखात लाल विंचवाचा सुळसुळाट. भाताचे तूस, जळाऊ लाकडे, विटांचे ढीग, जांभ्या दगडाच्या भिंती ही त्याची राहण्याची ठिकाणे. दंश झाला की लोक मांत्रिकाकडे जात आणि तेथून वेळ गेल्यावर दवाखान्यात येत. त्या काळात विषबाधा होऊन आलेल्या शंभरांपैकी पंचवीस-तीस रुग्ण दगावत, आणि त्यांत लेकरे फार असत.

बावस्करांच्या हाताशी मोठे यंत्र नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी केले ते एवढेच की, ते रुग्णाच्या उशापायथ्याशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांची ऊब आणि घाम तासातासाला पाहावा नि लिहून ठेवावा, हा क्रम त्यांनी सोडला नाही. आम्ही शाळेत वर्षानुवर्षे 'निरीक्षण करा व लिहा' असे प्रश्न घालतो. पण त्या दोन क्रियापदांत केवढी शक्ती आहे, ते या माणसाच्या वह्यांनी दाखविले. त्या टिपणांतून निघालेला त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लाल विंचू चावल्यावर हृदयावर संकट येणार आहे, याची पूर्वचिन्हे कोणती, हा त्याचा विषय.

ती चिन्हे मोठी विलक्षण आहेत. ज्याला दंशाच्या जागी मरणाच्या कळा येतात, जो ओरडून घर डोक्यावर घेतो, पण ज्याला दुसरे काही होत नाही, तो बहुधा वाचतो. भय आहे ते निराळ्याच रुग्णाचे. त्याला वांत्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडातून लाळ गळते आणि हातपाय बर्फासारखे गार पडतात. वेदना मात्र कित्येकदा बेताचीच असते. म्हणजे जो शांत दिसतो तोच खरा संकटात.

याचे कारण सोप्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतो. विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची सूक्ष्म दारे मिटू देत नाही. त्यामुळे तंतू सारखे चेतलेले राहतात. भीतीच्या प्रसंगी शरीर ॲड्रेनलिनसारखी जी द्रव्ये बेताने सोडते, ती आता लोंढ्याने रक्तात येतात. सर्व अंगातील बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि हृदय बंद दारावर धडका देत राहते. घरी पाण्याची मोटर चालू आणि पुढचा नळ बंद असला म्हणजे मोटरची जी गत होते, तीच येथे हृदयाची. शिवाय त्या द्रव्यांच्या माऱ्याने हृदयाचे स्नायूही दुबळे होतात. अखेर ते थकते, रक्त फुप्फुसांत तुंबते, श्वास लागतो आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. मोठ्या शहरांतील हृदयरोग विभागांत हृदय एकाएकी खचलेला जो रुग्ण दिसतो, तोच चार-पाच वर्षांच्या निरोगी पोराच्या रूपाने कोकणातल्या खाटेवर दिसत होता.

निदान झाले तरी उपाय हवा. हृदय खचल्यावर द्यावयाची रूढ औषधे, म्हणजे लघवी वाढविणारी व ठोक्यांना जोर देणारी, येथे पुरी पडत नव्हती. पुण्यास एम. डी. होऊन बावस्कर पुन्हा कोकणातच परतले. आमच्या मते या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच, कारण त्या पदवीवर मुंबई-पुण्यात बंगले उभे राहतात. हृदयाला चाबूक मारण्यापेक्षा पुढचा नळ उघडावा, या विचाराने त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरले. गुण आला. परंतु त्याची बाटली उजेडापासून झाकावी लागते, ते थेंबाथेंबाने शिरेतून द्यावे लागते आणि रक्तदाब क्षणोक्षणी पाहावा लागतो. खेड्यातल्या दवाखान्यात हे कोण करणार? तेव्हा त्यांची दृष्टी गेली प्राझोसिन या गोळीकडे. रक्तदाबाच्या रुग्णांना देतात ती ही साधी, स्वस्त गोळी. ॲड्रेनलिनचा लोंढा रक्तवाहिन्यांच्या ज्या कुलपाला किल्ली लावतो, त्या कुलपातच ती जाऊन बसते. १९८३-८४ च्या सुमारास ती वापरात आली, आणि पंचवीस-तीस टक्क्यांवरचे मृत्यूचे प्रमाण त्यांच्या नोंदींत एका टक्क्याच्याही खाली आले.

हे सगळे आम्ही पुस्तकात वाचले होते. दोन पावसाळ्यांपूर्वी ते डोळ्यांनी पाहिले. आमचे बुऱ्हाणपूर म्हणजे तापीकाठचे जुने शहर. परकोटाच्या आतली कित्येक घरे अजून पातळ जुन्या विटांची, आणि पाऊस लागला की त्या भिंतींतून काय काय बाहेर पडते! शेजारच्या पॉवरलूम कामगाराचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा रात्री जिन्याखालची लाकडे काढताना डसला गेला. आम्हांस हाक आली तोवर वस्तीतील एका वृद्धाने विंचू 'उतरविला' होता. खरोखरच पोराची कळ कमी झाली होती, आणि माऊली हात जोडून म्हणत होती, ''गुरुजी, उतरलं हो, बाबांनी उतरवलं.'' आम्ही मुलाचा तळपाय हातात घेतला. तो गार होता. सदरा घामाने निथळत होता आणि नुकतीच दुसरी वांती झाली होती. बाबांचा अनादर न करता आम्ही एवढेच म्हणालो, ''बाबांनी त्यांचे काम केले, आता डॉक्टरांना त्यांचे करू द्या,'' आणि बापलेकांस स्कूटरवर घेऊन दवाखाना गाठला. तेथील तरुण डॉक्टरांना काही सांगावे लागले नाही. विंचू कोणत्या जातीचा, हे कोणीच पाहिले नव्हते. पण त्यांनी त्याचा हात धरला आणि एक मिलिग्रॅमच्या प्राझोसिनच्या गोळीचा चौथा हिस्सा दिला. मुलाला आडवेच ठेवायचे, उठू द्यायचे नाही, अशी ताकीद दिली; या गोळीच्या पहिल्या मात्रेने उभे राहताच रक्तदाब कोसळू शकतो. तीन तासांनी पुन्हा तेवढाच तुकडा. पहाटेच्या सुमारास त्याच्या पायांना ऊब आली. बाप रात्रभर ते पायच चाचपीत बसला होता. (वाचकांनी ही गोळी घरात आणून ठेवू नये. तिची मात्रा वजनावर ठरते, आणि हळूहळू विरघळणारा तिचा जो प्रकार मिळतो तो या कामाचा नाही. दवाखाना गाठणे एवढेच आपले काम.)

त्या बाबांविषयी आमच्या मनात राग नाही. त्यांचा मंत्र शंभरांतल्या पुष्कळ जणांना 'लागू' पडतो, कारण बहुतेक दंश मुळातच प्राणघातक नसतात. मंत्र म्हटला काय आणि न म्हटला काय, सकाळपर्यंत कळ ओसरतेच. जो मरतो त्याच्या बाबतीत आयुष्य सरले होते असे म्हणावयाचे. हा हिशेब कधीच चुकत नाही, हाच त्यातील दोष. आणि सावधपणे पाहिले तर डॉक्टरांचे औषधही याच हिशेबाने खरे ठरू शकते. पूर्वी इतके मरत, आता इतके मरतात, हा पुरावा मोठा खरा. पण मधल्या काळात रस्ते झाले, लोक लवकर येऊ लागले, डॉक्टर शहाणे झाले. त्यांतले श्रेय कोणाचे किती? हे ठरविण्यास वैद्यकाने एक युक्ती काढली आहे. सारख्याच अवस्थेतील रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करावयाची, एका गटास एक उपचार, दुसऱ्यास दुसरा, आणि मग मोजावयाचे.

हृदयविकाराच्या झटक्यावर असे फार मोठे प्रयोग झाले आहेत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगात १७,१८७ रुग्ण होते. साध्या ॲस्पिरिनची गोळी आणि रक्ताची गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही ज्यांना मिळाली, त्यांच्यात पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू ८ टक्के, आणि ज्यांना एकही मिळाले नाही, त्यांच्यात १३.२ टक्के. झटका येताच ॲस्पिरिन देण्याची जी पद्धत आज सर्वत्र आहे, तिचा मोठा आधार हाच. त्या संशोधकांनी आकड्यांशी कसेही खेळणाऱ्यांना एक चिमटाही काढला. रुग्णांची राशींप्रमाणे वाटणी केली, तर मिथुन व तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग दिसत नाही, असे त्यांनी गंभीरपणे छापले! पंचांग उशाशी ठेवणाऱ्या आपल्या घरांतून हे वाचून दाखवावे.

विंचवाच्या बाबतीत जगातले निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. विषावर प्रतिविष द्यावे की नाही, याविषयी ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाने १९९९ साली सांगितले की, त्याचा फायदा दिसत नाही. अमेरिकेतील ॲरिझोनात तिकडच्या विंचवाने डसलेल्या अवघ्या १५ मुलांवरील प्रयोगाने २००९ साली उलट साक्ष दिली. भारतात मुंबईच्या हाफकिनचे प्रतिविष निघाले होते. आता पाहा, प्राझोसिनसाठी पाव शतक झटलेल्या माणसाने काय करावे? आपला उपाय सिद्ध झाला म्हणून स्वस्थ बसावे, हे मनुष्यस्वभावाला धरून झाले असते. परंतु डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयातच प्रयोग मांडला. विषबाधा अंगभर पसरली आहे, पण हृदय-फुप्फुसे अद्याप कोसळलेली नाहीत, असे ७० रुग्ण त्यांनी घेतले. पस्तिसांना केवळ प्राझोसिन, पस्तिसांना प्राझोसिन आणि शिवाय प्रतिविष. दहा तासांनी पहिल्या गटातील ८ जण पूर्ण सावरले होते, दुसऱ्यातील ३२. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा निकाल छापून आला. स्वतःच्या लाडक्या औषधाला एकट्याने पुरे न पडणारे ठरविणारा निकाल स्वतःच्याच हाताने लिहावयाचा, यास जो निःस्पृहपणा लागतो त्याचे आम्हांस फार मोल वाटते. प्रयोग लहान होता, एकाच रुग्णालयातला होता, आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना माहीत होते. ही मर्यादा ध्यानात ठेवूनही हे म्हणतो. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आमच्या शिक्षक-कक्षात हा विषय निघाला, तेव्हा गणिताचे एक सहकारी उसळून म्हणाले, ''साहेब, चिठ्ठी टाकून माझ्या पोराचे औषध ठरवणार? मी नाही सही करणार.'' हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हे. आम्ही त्यांस म्हटले की, येथे कोणालाही औषधावाचून ठेवलेले नव्हते. तोवर माहीत असलेला उत्तम उपाय दोन्ही गटांना मिळाला होता, आणि प्रश्न फक्त वरच्या भरीचा होता. ती भर तारक की नुसता खर्च, हे त्या घटकेला डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर चिठ्ठी टाकणे पाप झाले असते. सहकारी काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, ''आणि ज्यांना भर मिळाली नाही, त्यांना बरे व्हायला किती वेळ लागला?''

सरासरी १७.७ तास, आम्ही सांगितले. भर मिळालेल्यांना ८. त्यांनी सवयीने खडू उचलून फळ्यावर वजाबाकी मांडली आणि विचारले, ते प्रतिविष आपल्या जिल्ह्यात कोठे मिळते. त्याच आठवड्यात आम्ही दोघे मिळून चौकशीस निघालो.