आषाढातील लोणावळे

अरबी समुद्रावरून निघालेले नैर्ऋत्येचे वारे कोकणपट्टी ओलांडून बोरघाटाच्या कड्याशी येऊन भिडतात, तेव्हा पुढे सरळ जाण्यास वाट नसल्यामुळे त्यांना उभी भिंत चढावी लागते, आणि चढता चढता थंडावत जाऊन, समुद्रावरून आणलेले बाष्प घाटमाथ्यावर रिते करूनच त्यांना देशाकडे पाऊल टाकता येते. समुद्रसपाटीपासून सुमारे 625 मीटर उंचीवर, नेमके या ठिकाणी, लोणावळे वसलेले आहे. वर्षाकाठी येथे 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; पूर्वेस साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या पुण्यास त्याचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा पोचतो. म्हणून पुण्याच्या माणसाला भरघोस पाऊस अनुभवायचा झाला तर पश्चिमेची वाट धरावी लागते. आणि ज्याच्या शहरात पाऊस म्हणजे तुंबलेली गटारे व खोळंबलेल्या गाड्या, त्या मुंबईच्या माणसाला तोच पाऊस कड्यावरून कोसळताना पाहायचा झाला तर घाट चढून वर यावे लागते. दोन महानगरांच्या मधोमध, लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग या दोहोंवर असलेल्या या लहानशा गावात आषाढ-श्रावणातील प्रत्येक शनिवारी-रविवारी माणसांची जी झड कोसळते, तिचे मूळ असे भूगोलातच आहे.

तरीही घाटमाथ्यावरच्या पावसाची हौस ही तशी जुनी गोष्ट नाही. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळा महाबळेश्वरी काढी, आणि मृगाचे दिवस जवळ आले की आपली दप्तरे आवरून पुण्यास उतरे. मागे राहिलेली माणसे घरांच्या पावसाकडच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधून आश्विनाची वाट पाहत. लोणावळ्याचे दैव निराळे, कारण हे गाव हवेने नव्हे, आगगाडीने घडवले. हजारो मजुरांचे प्राण घेऊन बोरघाटाचा लोहमार्ग 1863 साली पुरा झाला; सदतीस फुटांत एक फूट इतका त्याचा चढ, आणि तो चढण्यासाठी कर्जतेस गाडीच्या मागे जादा इंजिने लावण्याची वहिवाट पडली. आज ज्या भुशीच्या धरणावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही, तेही मौजेसाठी बांधलेले नाही. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, त्याची ती तजवीज होती. पुढे वळवण, शिरवटा आणि लोणावळा येथील तलावांत साठवलेले पावसाचे पाणी नळांतून खोपोलीस उतरवून 1915 पासून त्यावर वीज निर्माण होऊ लागली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. मुंबईचा माणूस येथे पाऊस पाहण्यास येऊ लागला त्याच्या कितीतरी आधी येथला पाऊस तारांवरून त्याच्या गिरणीत पोचलेला होता. त्यामुळे येणाऱ्यांना उपरे समजून नाक मुरडण्याचा आम्हा लोणावळेकरांना काही अधिकार आहे, असे मला वाटत नाही.

पावसाशी आमचे जे वर्तन आहे ते मात्र पाहुण्याला सहसा दिसत नाही. ज्येष्ठाच्या अखेरीस मीठ बरणीत पाझरू लागते, काडेपेट्या तांदळाच्या डब्यात जातात, कपाटातल्या पादत्राणांवर आणि पुस्तकांच्या पाठींवर पांढुरकी बुरशी धरते, आणि लहान मूल असलेल्या घरांत शेगडीतल्या निखाऱ्यांवर बांबूचे डालगे पालथे घालून त्यावर दुपटी वाळत पडतात, त्यामुळे तान्ह्या मुलाच्या अंगाला दुधाबरोबर धुराचाही वास येतो. सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. ढग अंगणात उतरतो, दार उघडे राहिले तर घरात येतो, आणि समोरच्या घरातला दिवा लागला आहे हे केवळ एका पिवळसर डागावरून ओळखावे लागते. या ओलसर, मंद, कोंदट आणि तरीही मनाला विलक्षण स्वस्थता देणाऱ्या दिवसांची एक लय असते, आणि ती शुक्रवारच्या संध्याकाळी तुटते. त्या दिवशी दूध, भाजी, औषधे सारे आणून ठेवायचे असते, कारण पुढचे दोन दिवस बाजारात जाणे म्हणजे मोटारींच्या रांगांमधून वाट काढणे. कोणाच्या घरी आजारपण असेल तर डॉक्टरांकडे शुक्रवारीच जाऊन यावे, असे शेजारी एकमेकांना बजावतात. पर्यटनावर पोट असलेल्या गावाला ही अडचण सोसावी लागते, आणि गाव ती सोसते. चिक्कीच्या दुकानदारापासून मक्याची कणसे भाजणाऱ्या बाईपर्यंत अनेकांच्या चुली या दोन दिवसांवर वर्षभर पेटत्या राहतात, हे कोणी विसरलेले नाही.

भुशीचे धरण भरून सांडव्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले की ती वार्ता वर्तमानपत्रांत छापून येते, आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी धरणावर जे दृश्य दिसते ते जवळून पाहण्यासारखे असते. पायरी-पायरीवर माणसे बसलेली असतात. पाणी त्यांच्या पाठीवर आदळते, खांद्यांवरून फुटते आणि खालच्या पायरीवरच्या माणसांच्या डोक्यावर पडते. नऊवारीतल्या एखाद्या आजीला तिची नातवंडे दोन्ही हातांना धरून पाण्यात बसवतात. तिचा चेहरा आधी भीतीने आक्रसतो, मग पाण्याचा पहिला लोट अंगावरून गेला की ती एकाएकी तोंड उघडून लहान मुलीसारखी हसते, आणि ते हसू थांबता थांबत नाही. कारखान्यात सहा दिवस यंत्रापुढे उभा राहणारा तरुण डोळे मिटून, हनुवटी वर करून, कोणाशी एक अक्षर न बोलता अर्धा-अर्धा तास त्या पाण्याखाली बसून राहतो. ज्याच्या खोलीची एकुलती खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, ज्याला नळाचे पाणी तासाच्या हिशेबाने मिळते, त्याला आकाशातून विनामूल्य पडणारे हे अमाप पाणी अंगावर घ्यावेसे वाटले, तर त्या इच्छेला हीन लेखणारी रसिकता मला मान्य नाही. एकांतात, बंगल्याच्या व्हरांड्यात बसून घेतलेला पावसाचा आस्वाद तेवढा उच्च आणि हजार माणसांत भिजून घेतलेला ग्राम्य, ही विभागणी माणसाच्या खिशावरून केलेली आहे.

परंतु हाच पाऊस प्राण घेतो, आणि तो कसा घेतो हे येथे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. डोंगरावरून येणारा ओढा तुमच्या समोर घोट्याइतका असतो, तुमच्यावर केवळ भुरभुर पडत असते, आणि त्याच वेळी वरच्या पठारावर, तुमच्या दृष्टीच्या पलीकडे, ढग ओतत असतो. भिजून गच्च झालेल्या जमिनीत पाणी जिरायला जागा राहिलेली नसते. ते सारे खडकावरून एकदम खाली येते, आणि घोट्याइतके पाणी काही मिनिटांत कमरेइतके होते. पायाखालच्या खडकावर शेवाळ असते. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात पुण्याहून आलेले एक कुटुंब असेच प्रवाहाच्या मध्यावर सापडले. ती माणसे एकमेकांना घट्ट धरून उभी होती, काठावरची माणसे पाहत होती, आणि त्या लोटात पाच जण वाहून गेले. त्यांत बहुतेक मुले होती. पुढच्या वर्षी 15 जून रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराखाली कोसळून चार माणसे गेली. अशा प्रत्येक वेळी दोर घेऊन पाण्यात उतरायला येथील शिवदुर्ग मित्र मंडळाची तरुण मुले धावून जातात; दिवसभर आपापले उद्योग करणारी, हाक आली की रात्री-बेरात्री दरीत उतरणारी ही मुले या गावाचे खरे भूषण आहेत.

दुर्घटनेनंतर कचेरीतून मनाई हुकूम निघतात. अमुक धबधब्यापासून अमुक अंतर दूर राहावे, खोल पाण्यात उतरू नये, सायंकाळनंतर थांबू नये. नाक्यावर पोलीस उभे राहतात, रस्ते बंद होतात. हा बंदोबस्त आवश्यक आहे, आणि भर पावसात दहा-दहा तास उभ्या असलेल्या शिपायाविषयी मला आदरच वाटतो. पण हुकूम माणसाला अडवतो. अडवलेला माणूस दुसरीकडून चढतो, कारण काय करू नये हे त्याला सांगितलेले असते, काय करावे हे सांगितलेले नसते. गर्दी मोठी आहे हा येथला मूळ दोष नव्हे. ती गर्दी आकारहीन आहे, आणि तिला या पावसात कसे वागावे याची परंपरा नाही.

हे मी साधार म्हणतो, कारण मोठ्या गर्दीला पावसात चालवण्याची विद्या याच खोऱ्यात जन्मली आहे. लोणावळ्यालगत कुरवंड्याच्या डोंगरात इंद्रायणी उगम पावते, आणि तिच्याच काठावरून, देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीस व आळंदीहून अष्टमीस, पालख्या पंढरपूरची वाट धरतात. महिना तोच, ढग तेच, आणि माणसे आमच्या कोणत्याही रविवारच्या कितीतरी पट. पण ती माणसे दिंडीत असतात; दिंडीला क्रमांक असतो, रथापुढची कोण आणि रथामागची कोण हे ठरलेले असते, टाळकऱ्यांच्या ओळी, मधे विणेकरी, मागे डोईवर तुळस घेतलेल्या बाया, आणि सामानाची व मुक्कामाची व्यवस्था अगोदरच झालेली. ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या तळावर सायंकाळी समाज-आरतीच्या वेळी जे घडते ते तर मला कोणत्याही शासनशास्त्राच्या ग्रंथाहून मोलाचे वाटते. हजारो टाळ घुमत असतात. चोपदार आपला चोप उंच करतो, आणि सारा तळ क्षणात निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. तिकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकले जाते, तेथल्या तेथे त्याचा निकाल लागतो, मग ते टाळही थांबतात. तेथे दंडुका नाही की दंडाची पावती नाही. आपण कोणाचे आहोत आणि आपल्याला कोण ऐकणार आहे, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

लोणावळ्याच्या गर्दीला भक्तीचा धागा नाही, तेव्हा तिची दिंडी होणार नाही, हे उघड आहे. पण व्यवस्थेचा धागा देता येतो. पावसाळ्यातील शनिवारी-रविवारी मोटारी गावाच्या वेशीवरच थांबवाव्यात आणि तेथून भुशीकडे व टायगर पॉइंटकडे बसगाड्या सोडाव्यात. एका वेळी किती माणसे वर जावीत हे ठरवून त्याप्रमाणे बस सुटावी. प्रत्येक ओढ्यावर येथल्याच मातीतली, पाण्याचा रंग गढूळ झाला की वर काय चालले आहे ते ओळखणारी माणसे पगार देऊन नेमावीत, आणि त्यांनी शिट्टी वाजवताच पाण्याबाहेर येणे ही येथली रीत व्हावी. यासाठी येणाऱ्याकडून माफक कर घेण्यास हरकत नाही. पोलिसाने अडवणे आणि गावाने हात धरून नेणे यांत जो फरक आहे, तो पाहुण्याला लगेच कळतो.

आणखी एक दृश्य आहे, त्याकडे मोटारीतून जाणाऱ्याचे लक्ष जात नाही. ज्या रविवारी रस्त्यावर रांगा लागतात, त्याच दिवसांत मावळात भाताची लावणी चालू असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, कोणाच्या डोक्यावर इरले, कोणाच्या प्लास्टिकचा कागद, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने एकेक रोप मातीत खोचत मागे मागे सरकणे. पाऊस वाढला म्हणून त्या थांबत नाहीत, कारण चिखल आणि रोप यांची वेळ एकदा टळली की वर्ष टळले. रस्ता कोंडला की या माणसांचा रोपांनी भरलेला टेंपोही कोंडतो, आणि वाट सापडत नाही म्हणून बांधावरून नेलेली मोटार त्यांचे खाचर तुडवते. पाऊस आधी यांचा आहे. आपण सारे मागाहून आलेलो.

मळवलीजवळ भाज्याच्या डोंगरात इसवी सनापूर्वीची लेणी आहेत. पावसाळ्यात उगवते पीक आणि सूक्ष्म जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत म्हणून बौद्ध भिक्षू भ्रमण थांबवून वर्षावासाला एका जागी राहत. येथल्या विहारांचे ओटे अजून शाबूत आहेत. तेव्हा, वाचकहो, लोणावळ्यास जरूर यावे, पण जमेल त्याने मंगळवार-बुधवारी यावे आणि पुण्याकडच्यांनी लोकलने यावे. मळवलीस उतरून भाज्यापर्यंत पायी जावे, विहाराच्या ओट्यावर बसून समोरचा पाऊस तासभर पाहावा. रविवारीच येणे भाग असेल तर सकाळी लवकर यावे, वाहत्या ओढ्यात मुलांना घेऊन उतरू नये, खाचरांच्या बांधावर गाडी घालू नये, आणि दिवेलागणीपूर्वी परतीची गाडी धरावी.