परमुलखातील आघाडीचा गडी

फुटबॉलच्या खेळात गडी अकरा असतात. परंतु प्रेक्षकांच्या स्मरणात बहुधा एकच राहतो. ज्याच्या पायाने चेंडू जाळ्यात शिरला, त्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. चेंडू अडविणारा, तो हिसकावून घेणारा, धावत धावत पुढे पोचविणारा, हे सारे त्या एका नावाच्या सावलीत उभे राहतात. आघाडीच्या गड्याचे हे भाग्य होय, आणि थोडेबहुत दुर्भाग्यही होय. कारण ज्या दिवशी त्याच्या पायाने गोल होत नाही, त्या दिवशी लोकनिंदेचा पहिला धनीही तोच होतो. अशा गड्याने आपला देश सोडून परमुलखात खेळावयास जावे, तर त्याच्या पदरी काय पडते? या प्रश्नाचा मी अलीकडे पुष्कळ विचार केला. त्यातून जे हाती लागले, ते विद्यार्थिमित्रांपुढे, आणि विशेषतः त्यांच्या पालकांपुढे, ठेवण्याचे योजिले आहे.

१९३२ साली जगाच्या दोन टोकांस दोन मुलगे जन्मास आले. एक दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरी एका कृष्णवर्णीय कुटुंबात, व दुसरा आपल्याकडील एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात. पहिल्याचे नाव स्टीव्ह मोकोने; दुसऱ्याचे नेव्हिल डिसोझा. दोघांनाही देवाने चपळ पाय दिले होते, व दोघेही आघाडीवर खेळत. ते एकमेकांस कधी भेटल्याचे ऐकिवात नाही; तथापि १९५६ हे एकच साल दोघांच्याही चरित्रात ठळक अक्षरांनी लिहिले गेले आहे.

मोकोने याच्या देशात त्या काळी वर्णभेदाचा कायदा होता. काळ्या मुलाने कितीही उत्तम खेळ केला, तरी देशाच्या अधिकृत संघात त्यास जागा नव्हती. परदेशी जाण्याच्या परवान्यासाठीही त्यास दीर्घ काळ तिष्ठत राहावे लागले. अखेर १९५६ साली तो इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराच्या संघात दाखल झाला. युरोपात पैसे घेऊन खेळणारा दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय गडी म्हणून त्याची नोंद आहे. तेथे त्याचे मन रमले नाही, व सामनेही थोडेच मिळाले. पुढे १९५७ साली तो हॉलंडमधील आल्मेलो नावाच्या लहानशा गावी हेराक्लीस संघाकडे गेला. जे आपल्या गावी मिळाले नाही, ते प्रेम त्यास त्या परक्या गावाने दिले. ‘काळी उल्का’ असे त्याचे टोपणनाव पडले. बऱ्याच वर्षांनी त्याच्यावर डच भाषेत पुस्तक निघाले व २००० साली चित्रपटही निघाला. खेळ संपल्यावर मोकोने अमेरिकेत शिकला व मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविता झाला. २०१५ साली त्याच देशात त्याचे निधन झाले.

आता आपल्या नेव्हिल डिसोझाकडे वळू. तो मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आला. त्या काळी आपल्याकडे फुटबॉल हा पोटाचा धंदा नव्हता. मोठमोठ्या कंपन्या व रेल्वे चांगल्या खेळाडूंस नोकरी देत, व ते आपल्या कचेरीच्या संघाकडून खेळत. डिसोझा कॅलटेक्स या तेल-कंपनीच्या संघातून खेळे. या संघाने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला. याच्या दोन वर्षे आधी, १९५६ च्या अखेरीस, तो भारतीय संघाबरोबर मेलबर्नच्या ऑलिंपिक सामन्यांस गेला होता.

त्या प्रवासाचे महत्त्व कळण्यासाठी चार वर्षे मागे गेले पाहिजे. १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपल्या संघाचा १० विरुद्ध १ असा दारुण पराभव केला होता. त्या गारठ्यात आपले कित्येक गडी अनवाणी खेळले होते. सबब मेलबर्नला निघालेल्या संघाकडून कोणी फारशी अपेक्षा धरली नव्हती. परंतु १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध डिसोझाने नवव्या मिनिटास पहिला, तेहतिसाव्या मिनिटास दुसरा, व मध्यंतरानंतर तिसरा गोल केला. चौथा गोल किट्टू याने केला, व भारताने तो सामना ४ विरुद्ध २ असा जिंकला. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा डिसोझा हा पहिला आशियाई गडी ठरला. उपान्त्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. तेथेही पहिला गोल डिसोझानेच केला. पुढे युगोस्लाव्हियाने चार गोल करून सामना जिंकला, व बल्गेरियाकडूनही हार पत्करावी लागून भारत चौथा आला. तरी त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार, गोल करणाऱ्या तिघांमध्ये बल्गेरियाचा मिलानोव्ह व युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच यांच्या जोडीला आपला डिसोझा होता.

आता आपल्या जिल्ह्यातील वाचकांस जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. त्या संघास घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे होते, व व्यवसायाने ते शाळामास्तर होते. आपल्या हाताखालील मुलांसाठी ते विलक्षण सामने भरवीत. एखाद्या सामन्यात चेंडू पायाशी घोळवीत नेण्यास बंदी असे. तो आला की सोबत्याकडे देऊन मोकळे व्हावयाचे. एखाद्यात ज्याचा जो पाय दुबळा, त्याच पायाने खेळावयाचे. शिक्षकाची दृष्टी म्हणतात ती हीच. जो पाय मुळातच चांगला आहे, त्याची स्तुती कोणीही करील. दुबळ्या पायास कामास लावण्याचा धीर शिक्षकापाशीच असावा लागतो. याच रहीमसाहेबांच्या शिकवणुकीखाली भारताने १९५१ साली दिल्लीस व १९६२ साली जाकार्तास आशियाई सुवर्णपदक मिळविले. दुसऱ्या विजयानंतर वर्षभरातच, १९६३ साली, कर्करोगाने त्यांचा अंत झाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यास जोडला गेला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने मेलबर्नचा तो सामना झाला. ज्या हैदराबादेतून आपण निघालो तेथील एक शिक्षक, व ज्या मुंबईस आपण मिळालो तेथील एक गडी, असे दोघे त्या दिवशी सातासमुद्रांपलीकडे एकाच ध्वजाखाली होते. एक मुसलमान, दुसरा ख्रिस्ती. एकाने शिकविले, दुसऱ्याने करून दाखविले. जालन्याच्या मुलाने या सामन्याकडे परक्याचा म्हणून पाहू नये, असे मला म्हणूनच वाटते.

इतक्या कथनानंतर पालकांच्या मनातील खरा प्रश्न पुढे येतो. तो मला गेल्या वर्षी एका गृहस्थांनी स्पष्ट शब्दांत विचारला. ते येथील सळईच्या कारखान्यात कामास आहेत. त्यांच्या मुलास शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड-चाचणीस पाठवावे, असे आम्ही शिक्षकांनी सुचविले होते. पाळी संपवून ते तसेच शाळेत आले, व बाकावर न बसता उभ्यानेच म्हणाले, “सर, पोरगं खेळतंय चांगलं, समदेच म्हणतेत. पर चेंडूनं पोट भरतं का, तेवढं सांगा.”

या प्रश्नास हसण्याचा अधिकार कोणासही नाही. ज्याच्या घरी महिन्याचा पगार महिन्यास पुरत नाही, त्याने हा प्रश्न विचारला नाही तरच नवल. मी त्यांना खोटी आशा दाखविली नाही. दक्षिण आफ्रिकेचाच बेनी मॅकार्थी हा केप टाउनच्या गरीब वस्तीतला मुलगा १९९७ साली हॉलंडच्या आयॅक्स संघात गेला, २००४ साली पोर्तुगालच्या पोर्तो संघातून युरोपचा अजिंक्यचषक जिंकता झाला, व आपल्या देशासाठी त्याने ३१ गोल केले. हे खरे आहे. तो २००६ पासून इंग्लंडच्या ज्या ब्लॅकबर्न संघात खेळला, तोच संघ २०१० साली आपल्या पुण्याच्या व्यंकटेश्वर हॅचरीज समूहाने विकत घेतला, व कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा आघाडीचा गडी २०१९ साली तेथे सरावासाठी जाऊन आला. हेही खरे आहे. म्हणजे वाट आहे. परंतु त्या वाटेने निघालेल्या हजारोंपैकी मुक्कामास पोचणारे बोटांवर मोजण्याइतके, हेही तितकेच खरे आहे. मेलबर्नचा वीर नेव्हिल डिसोझा याचीही उपजीविका खेळावर नव्हती, आणि १९८० साली, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, तो हे जग सोडून गेला. आज त्याचे नाव घेतले तर आपल्यातील कितीजण ते ओळखतील?

परमुलखातील गड्यास आणखी एक शत्रू असतो, व तो समोरच्या संघात नसतो. कलकत्त्याचा मोहम्मद सलीम १९३६ साली ग्लासगोच्या सेल्टिक संघाकडून पायांस नुसत्या पट्ट्या बांधून अनवाणी खेळला, व त्या चमत्काराने तेथील लोक थक्क झाले. ज्या स्कॉटलंडातून मिशनरी मंडळी आपल्या जालन्यास आली, त्याच देशाने या भारतीय पायांचे कौतुक केले. परंतु सलीमला घराची ओढ लागली, व दोनच सामने खेळून तो परतला. त्याच्या पायांत काही कमी नव्हते. परक्या भाषेत, परक्या थंडीत, ज्याची रोज विचारपूस करणारे कोणी नाही, त्याचे पाय लवकर जड होतात. मोकोनेस आल्मेलोच्या लोकांनी आपले मानले, म्हणूनच तो तेथे फुलला.

त्या गृहस्थांस मी शेवटी इतकेच म्हणालो, “चेंडूने पोट भरेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. मात्र मुलाने वह्यापुस्तके सोडू नयेत, आणि तो हरून आला तरी घराचे दार उघडे आहे, हे त्यास आजच कळू द्यावे. एवढे आपल्या हाती आहे.” ते काही वेळ खाली पाहत राहिले, व नमस्कार करून गेले. मुलगा चाचणीस गेला, निवडला गेला, व जूनपासून वसतिगृहात राहतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. “जेवलास का?” आणि “अभ्यास करतोस का?” हे दोन प्रश्न वडील न चुकता विचारतात. गोल किती केलेस, हे मात्र त्यांनी अद्याप एकदाही विचारलेले नाही, असे मुलाची आई परवा मोठ्या समाधानाने सांगत होती. शिक्षणशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ मी वाचले आहेत. त्या वडिलांच्या मौनात जे शहाणपण आहे, ते त्यांतील फारच थोड्या ग्रंथांत मला आढळले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला आपण प्रार्थनासभेत ऐकतो. धन्याने दिलेले द्रव्य ज्याने जमिनीत पुरून ठेवले, त्याच्यावर धनी रागावला. त्या रागाचे कारण नफा बुडाला हे नसून, त्या दासाने भीतीपोटी काहीच केले नाही, हे असावे, असे माझे नम्र मत आहे. चपळ पाय, गोड गळा, गणिताची बुद्धी, ही सारी धन्याची ठेव होय. ती पुरू नये. आणि हिचे बाजारात किती येतील एवढ्याच हिशेबाने तिच्याकडे पाहूही नये. नेव्हिल डिसोझाच्या आयुष्यात मेलबर्नचे ते दिवस एकदाच आले, व आले तेव्हा त्याने आपली ठेव पुरेपूर वापरली. हे त्याचे यश पगाराच्या आकड्यात बसत नाही, व विस्मृतीने पुसलेही जात नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी खेळासाठी, कोणी विद्येसाठी, तर पुष्कळजण केवळ भाकरीसाठी उद्या हा जिल्हा सोडून जातील. तेथे तुमच्या हातून किंवा पायांतून जे चांगले घडेल, त्यावर जग तुमचे नाव लिहील. तुम्ही मात्र तो चेंडू आपल्यापर्यंत कोणी पोचविला, हे विसरू नका. आणि पालकहो, आपण त्यांस धाडाल तेव्हा केवळ यशाची अट घालून धाडू नका. परमेश्वर आमच्या मुलांच्या पायांस बळ देवो. ते पाय कोठेही जावोत, घराची वाट त्यांच्या ओळखीची राहो, हीच प्रार्थना.