टिटवी कोठें होती?

माणसास एखादा तरी निरुपद्रवी छंद असावा, असें वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. मजला पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद आहे; आणि तो अगदीं निरुपद्रवी आहे, अशी माझी कित्येक वर्षें समजूत होती. ती कशी दूर झाली, तेंच आज सांगावयाचें आहे.

माघ सरला, पळस फुलला, कीं आमच्या वऱ्हाडांतील तलावांचें पाणी ओसरूं लागतें. अमरावतीचा छत्री तलाव घ्या, चांदूर रेल्वेकडील मालखेडचा तलाव घ्या, किंवा अकोल्याहून पातूरकडे जातांना लागणारा कापशीचा तलाव घ्या. कांठचा चिखल उघडा पडतो आणि त्यांतील किडे टिपण्यास शेकाटे, तुतारी, चिखले यांची एकच लगबग उडते. हिमालयापलीकडून आलेले पट्टकादंब हंस परतीच्या प्रवासासाठीं येथेंच चरून अंगीं बळ सांठवितात. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून उडतांना या हंसांची नोंद झालेली आहे. असे प्रवासी आपल्या दाराशीं येतात, हें आपलें भाग्यच नव्हे काय?

कांहीं वर्षांपूर्वीं मार्चच्या अखेरीस एका सुटीच्या सकाळीं तलावाच्या मुरमाड कांठावर मजला टिटवीचीं चार अंडीं दिसलीं. घरटें म्हणजे खड्यांमध्यें एक उथळ खळगा. अंडींही खड्यांच्याच रंगाचीं, काळसर ठिपक्यांचीं. टिटवी माझ्या डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश करीत होती. मीं मात्र गुडघे टेकून कॅमेरा रोखला. प्रकाश मनाजोगा मिळेपर्यंत ऊन चढलें. तास कसा गेला, कळलेंच नाहीं.

सोमवारीं तें चित्र वर्गांत लावलें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. इतक्यांत मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, अंड्यांवर तर लख्ख ऊन पडलें आहे. मग टिटवी कोठें होती?"

उत्तर मजला ठाऊक होतें. पण तें सांगावयास जीभ वळेना. टिटवी केवळ ऊब देण्यासाठीं अंड्यांवर बसत नाहीं. कडक उन्हांत ती त्यांवर सांवली धरते, आणि पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणून त्यांस गारवा देते. त्या दिवशीं ती दूर राहिली, ती माझ्या भीतीनें.

पुढच्या सुटीस त्या मुलास घेऊन मी तेथें गेलों. टिटवी नव्हती. अंडीं होतीं, आणि त्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. मुलगा कांहीं बोलला नाहीं. माझ्या खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी त्यानें हळूच काढून घेतली आणि आपल्या खांद्यास अडकविली.

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांनीं बालपणीं छर्ऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती ओळखून घेण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, आणि तेथून त्यांच्या आयुष्यास वळण लागलें. त्या काळीं पक्षी ओळखावयाचा तर तो बहुधा मारावा लागे. आज बंदुकीच्या जागीं कॅमेरा आला, ही मोठीच सुधारणा होय. परंतु तो धरणाराचें चित्त बदललें नाहीं, तर कॅमेराही बंदुकीचेंच काम करतो.

तेव्हांपासून माझ्यासंगें फिरावयास येणाऱ्या मुलांस दोनच नियम आहेत. पक्षी चरावयाचें सोडून आपणांकडे पाहूं लागला, कीं मागें सरावयाचें. आणि घरट्याचें चित्र घ्यावयाचें नाहीं. यामुळें पुष्कळ चांगलीं चित्रें हातचीं जातात. जावोत! पालकांनींही मुलांस कॅमेरा वा दुर्बीण अवश्य द्यावी. मात्र देतांना हे दोन नियमही द्यावेत.

तें चित्र मीं फाडून टाकिलेलें नाहीं. दरवर्षीं नव्या वर्गास तें दाखवितों, आणि टाळ्या वाजण्यापूर्वींच विचारतों, "मुलांनो, टिटवी कोठें होती?"